दमा असलेल्या मुलाच्या रक्तातील धातू: तपासणी केव्हा करावी, नमुना कसा द्यावा, अहवाल कसा वाचावा

औषधे चालू असूनही मुलाचा खोकला आणि छातीतली घरघर थांबत नसेल, तर आज ना उद्या पालकांच्या मनात प्रश्न येतोच की रक्तात काही कमी-जास्त तर झाले नाही ना. झिंक कमी असेल का, शिसे वाढले असेल का? प्रयोगशाळा एकाच वेळी दहा-बारा धातूंची मोजणी करून देतात. अहवालातले दोन-तीन आकडे ठळक अक्षरांत छापून येतात आणि त्या ठळक आकड्यांनाच दम्याचे कारण मानून गोळ्या सुरू होतात. या लेखाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे. रक्तातील धातूचा आकडा दम्याचे कारण क्वचितच सांगतो. बहुतेक वेळा तो त्या दिवशी शरीरात असलेल्या दाहाबद्दल, आहारातील उणिवेबद्दल किंवा घराच्या आसपास दडलेल्या एखाद्या विषारी स्रोताबद्दल बोलत असतो. यांपैकी तो नेमके काय सांगतो आहे, हे ओळखता आले तरच त्या तपासणीचा मुलाला काही उपयोग होतो.

आधी दोन गट वेगळे करा

या धातूंना सरसकट एकाच नजरेने पाहणे ही गोंधळाची सुरुवात असते. जस्त म्हणजे झिंक, तांबे, लोह आणि मँगनीज हे धातू शरीराला हवेच असतात. सेलेनियम काटेकोर अर्थाने धातू नाही, पण तपासणीच्या यादीत ते याच गटात येते. पेशींमध्ये तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-संयुगांचा निचरा करणारी काही विकरे (एन्झाइम) यांच्याशिवाय काम करू शकत नाहीत: एका महत्त्वाच्या विकराला झिंक आणि तांबे दोन्ही लागतात, तर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराला सेलेनियम लागते. दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सतत सूज असते आणि तिथे अशा संयुगांचा मारा वाढलेला असतो, म्हणून या मूलद्रव्यांचा दम्याशी संबंध असेल ही शंका शास्त्रज्ञांना येणे स्वाभाविक होते. दुसऱ्या गटात शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक येतात. यांचे शरीरात काहीही काम नाही. पहिल्या गटात कमी आणि जास्त हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात, दुसऱ्या गटात प्रश्न फक्त ‘किती आणि कुठून’ एवढाच असतो.

मॅग्नेशियमचे नाव या संदर्भात नेहमी निघते, म्हणून येथेच सांगतो. तीव्र झटक्यात रुग्णालयात शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते श्वासनलिकेचे स्नायू सैल करणारे औषध म्हणून, कमतरता भरून काढण्यासाठी नव्हे. शरीरातील एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या द्रवात, असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून मुलाच्या दम्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

हवेतला धातू आणि रक्तातला धातू

धातूंचा आणि मुलांच्या श्वसनविकारांचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसतो तो रक्तात नव्हे, तर हवेत. अमेरिकेतील युटा राज्याच्या युटा खोऱ्यातील एक पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ पासून सुमारे १३ महिने बंद होता. ज्या हिवाळ्यांत तो चालू होता, त्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातील हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. पुढे त्या काळातील हवेच्या गाळण-कागदांवर जमलेल्या धुळीचा अर्क काढून तपासला असता, कारखाना चालू असतानाच्या धुळीत धातूंचे प्रमाण अधिक होते आणि तिच्यामुळे फुप्फुसात होणारा दाहही अधिक होता. जर्मनीतही असेच चित्र दिसले. हेटश्टेट हे तांब्याच्या खाणी आणि भट्ट्यांचे जुने गाव. तेथील मुलांमध्ये झेर्ब्स्ट या तुलनेसाठी निवडलेल्या गावातील मुलांपेक्षा ॲलर्जीचे विकार आणि दमा अधिक आढळला. दोन्ही ठिकाणची सूक्ष्म धूळ निरोगी प्रौढ स्वयंसेवकांच्या श्वासनलिकेत अत्यल्प प्रमाणात सोडून पाहिली, तेव्हा धातूंचे प्रमाण अधिक असलेल्या हेटश्टेटच्या धुळीने अधिक दाह निर्माण केला. निकेल, क्रोमियम, कोबाल्ट आणि प्लॅटिनमचे क्षार श्वासावाटे गेल्याने कामगारांना दमा जडतो, हे तर व्यावसायिक आरोग्यशास्त्रात केव्हाच प्रस्थापित झाले आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की धातूमिश्रित धूळ श्वासनलिकेवर थेट आघात करते, आणि तो आघात मोजायला रक्त ही योग्य जागा असतेच असे नाही. धातूकामाच्या भट्टीजवळ राहणाऱ्या मुलाच्या रक्तातील निकेल ‘सामान्य’ आले, म्हणून तेथील हवा त्याच्या छातीला मानवते असे मुळीच ठरत नाही. उलट, रक्तातील झिंक कमी आले म्हणून श्वासनलिकेतील सुजेचे मूळ सापडले असेही होत नाही.

रक्तावरील अभ्यासांचे चित्र बरेच विस्कळीत आहे. दमा असलेल्या मुलांत झिंक किंवा सेलेनियम कमी आढळल्याचे अनेक लहान अभ्यास आहेत आणि काहीच फरक न आढळलेले अभ्यासही आहेत. शिशाबाबत काही पाहण्यांत रक्तातील प्रमाण आणि ॲलर्जीशी निगडित आयजीई या प्रतिपिंडाची पातळी एकत्र वाढलेली दिसली, पण दम्याशी थेट संबंध सर्वत्र दिसला नाही. बातमीत असा अभ्यास वाचला, तर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. रक्त दमा होण्याआधी घेतले होते की नंतर? नमुना घेताना मूल आजारी होते का, आणि दाहाचे मोजमाप सोबत केले होते का? दोन्ही गटांतील मुलांची घरे, आहार आणि घरातील धूम्रपान सारखे होते का? बहुतेक अभ्यास एकाच वेळी दमा आणि धातू दोन्ही मोजतात, आणि अशा रचनेतून आधी काय झाले आणि नंतर काय, हे कळायला मार्ग नसतो.

तपासणी कोणाची करावी

दम्याचे निदान लक्षणांचा इतिहास, साधारण पाच-सहा वर्षांपुढील मुलांत स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून करायची श्वसनक्षमतेची चाचणी, आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवर होते. त्यासाठी रक्तातील धातू मोजण्याची गरज नसते. दमा आटोक्यात येत नसेल, तर धातूंकडे वळण्याआधी डॉक्टरांसमोर मुलाला पंप घेऊन दाखवू द्यावा. पंपाला जोडायची नळी म्हणजे स्पेसर वापरला जातो का, मास्क चेहऱ्याला नीट चिकटून बसतो का, औषध फवारल्यानंतर मूल पुरेसे श्वास घेते का, रोजचा प्रतिबंधक पंप खरोखर रोज घेतला जातो की फक्त खोकला वाढल्यावर, हे सारे पाच मिनिटांत कळते. माझ्या मते या पाच मिनिटांतून जेवढे हाती लागते, तेवढे बारा धातूंच्या अहवालातून क्वचितच लागते. घरात कोणी धूम्रपान करते का, झोपण्याच्या खोलीत ओल किंवा बुरशी आहे का, नाक सतत चोंदलेले असते का, हेही याच भेटीत बोलून घ्यावे.

मात्र काही परिस्थितींत धातूंची, आणि त्यातही शिशाची, तपासणी करून घेणे निश्चितच योग्य आहे, आणि ती दमा असो वा नसो करावी. घर जुने आहे आणि भिंतींच्या किंवा खिडक्यांच्या रंगाचे पोपडे निघत आहेत. जवळ बॅटरीतील शिसे वितळवणारा, धातू गाळणारा किंवा इलेक्ट्रॉनिक कचरा जाळणारा उद्योग आहे. घरातील कोणी अशा ठिकाणी कामाला आहे आणि कामाचे कपडे घरी येतात. मूल माती किंवा रंगाचे तुकडे तोंडात घालते. मुलाला रक्तक्षय आहे किंवा शिकण्या-बोलण्यात ते मागे पडत आहे. यांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर शिशाची तपासणी पुढे ढकलू नये.

आणखी एक कारण दम्याच्या मुलांसाठी खास महत्त्वाचे आहे. दमा मुळापासून बरा करतो असे सांगून, घटक न छापता पुड्या, गोळ्या किंवा चूर्णे दिली जातात. अशा औषधांत शिसे, पारा, आर्सेनिक आणि कधी कधी न सांगता मिसळलेले स्टेरॉईड आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात वारंवार आल्या आहेत. स्टेरॉईडमुळे सुरुवातीला मुलाला खरोखरच बरे वाटते, म्हणून ते औषध महिनोन्‌महिने चालू राहते आणि धातूही तेवढाच काळ पोटात जात राहतो. आपल्या मुलाला असे काही दिले जात असेल, तर ते पाकिटासह डॉक्टरांना दाखवावे. ओशाळून लपवू नये. मात्र ते बऱ्याच काळापासून चालू असेल तर डॉक्टरांशी बोलूनच बंद करावे, कारण त्यात स्टेरॉईड असल्यास ते अचानक थांबवणे धोक्याचे ठरू शकते.

झिंक, तांबे आणि सेलेनियम यांची तपासणी मुलाची वाढ खुंटली असेल, जुलाब वारंवार होत असतील, आहार फार मोजक्या पदार्थांपुरता मर्यादित असेल, ॲलर्जीमुळे अनेक अन्नपदार्थ वर्ज्य केले असतील, किंवा आतड्याचा जुना विकार असेल, तेव्हा अर्थपूर्ण ठरते. केवळ दमा आहे म्हणून ती करण्याचे कारण नाही.

नमुना देताना

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण धातूंच्या तपासणीत चुकीचे आकडे यंत्रापेक्षा नमुना घेण्याच्या पद्धतीतूनच अधिक येतात. आपण मोजत असलेले प्रमाण एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागात असते. त्वचेवरची धूळ, सुई, नळीचे रबरी बूच, यांतल्या कशातूनही एवढा धातू सहज मिसळू शकतो. झिंक तर रबरी बुचातूनच नमुन्यात उतरते. म्हणून अल्पांश मूलद्रव्यांसाठी खास प्रमाणित केलेल्या नळ्या असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे बूच गडद निळे असते. नमुना देण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून तपासणीसाठी अशी नळी वापरली जाते का, एवढे विचारावे. या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर दुसरी प्रयोगशाळा शोधावी.

कोणता धातू रक्ताच्या कोणत्या भागात मोजायचा हेही ठरलेले आहे. रक्तातील शिशापैकी सुमारे ९९ टक्के शिसे तांबड्या पेशींमध्ये असते, म्हणून शिसे, आणि त्याचप्रमाणे कॅडमियम, पारा व मँगनीज, संपूर्ण रक्तात मोजतात. अहवालावर ‘सीरम लेड’ असे लिहिलेले दिसले, तर त्या आकड्यावर विसंबू नये. झिंक, तांबे आणि सेलेनियम मात्र सीरम किंवा प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्ताच्या पेशीविरहित द्रव भागात, मोजतात. तांबड्या पेशींमध्ये झिंक प्लाझ्माच्या कित्येक पट असते. त्यामुळे रक्त काढताना पेशी फुटल्या किंवा नमुना वेगळा न करता बराच वेळ तसाच राहिला, तर झिंक खोटेच वाढलेले दिसते. अहवालाखाली नमुना ‘हिमोलाइज्ड’ असल्याचा शेरा असेल, तर झिंकचा तो आकडा बाजूला ठेवावा.

लहान मुलांत शिशासाठी बोटाच्या टोकाचे थेंब घेतात. तसे करायला हरकत नाही, पण त्याआधी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने नीट धुवावेत. स्पिरिटच्या बोळ्याने जंतू मरतात, पण त्वचेवरचे शिसे निघत नाही. पहिला थेंब पुसून टाकून पुढचा घ्यावा. एवढे करूनही बोटाच्या रक्तातील आकडा वाढलेला आला, तर शिरेतील रक्ताने खात्री केल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये. तपासणीची यंत्रेही चुकू शकतात: २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शिसे मोजणाऱ्या एका प्रकारच्या छोट्या यंत्रांवर शिरेतील रक्त तपासल्यास आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो, असा इशारा दिला होता. शंका असल्यास आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट भट्टीवरील अणुशोषण या पद्धतींनी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवण्यास सांगावे.

झिंकसाठी वेळ महत्त्वाची आहे. ते सकाळी जास्त असते, दिवसभरात आणि जेवणानंतर उतरते. म्हणून नमुना शक्यतो सकाळी, जेवणापूर्वी द्यावा आणि त्याची वेळ लिहून घ्यावी. झिंक असलेल्या गोळ्या किंवा सरबते चालू असतील, तर ती आदल्या दिवसापासून थांबवावीत की नाही हे डॉक्टरांना विचारावे. मुलाचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन गॅडोलिनियम अथवा आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन झाला असेल, तर ९६ तास थांबावे, कारण ही द्रव्ये मोजणीत अडथळा आणतात. आर्सेनिक रक्तात काही तासच टिकते, म्हणून ते लघवीत मोजतात, आणि त्याआधी दोन-तीन दिवस मासे व इतर समुद्री अन्न टाळावे लागते. समुद्री अन्नातले निरुपद्रवी आर्सेनिक-संयुग एकूण आकडा फुगवते.

केसांची तपासणी करून घेऊ नये. शाम्पू, धूळ आणि पाणी यांतून केसांवर बसलेला धातू शरीरातल्या धातूपासून वेगळा काढणे कठीण असते. निष्कासक, म्हणजे शरीरातील धातू बाहेर काढणारे, औषध देऊन त्यानंतरची लघवी तपासण्याचा प्रकारही टाळावा. ते औषध कोणाच्याही शरीरातून थोडे धातू बाहेर काढतेच, आणि मग तो आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी ताडून मुलाला ‘विषबाधा’ ठरवली जाते. अमेरिकेतील वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या संस्थेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्टपणे सांगितले आहे.

अहवाल वाचताना

प्रथम एकके पाहावीत. शिसे काही अहवालांत मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, काहींत प्रति लिटरमध्ये, तर काहींत मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये येते. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच सुमारे ०.२४ मायक्रोमोल प्रति लिटर. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवताना दहापटीची चूक होते ती येथेच.

त्यानंतर ‘सामान्य मर्यादा’ म्हणजे काय हे लक्षात घ्यावे. अशी मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरवतात. म्हणजे प्रत्येक चाचणीत ५ टक्के निरोगी मुले मर्यादेबाहेर असणारच. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दहा चाचण्या एकाच वेळी केल्या, तर पूर्ण निरोगी मुलाच्याही अहवालात किमान एक ठळक आकडा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. शिशासारख्या धातूंना हा हिशेब लागू नाही, कारण तेथे सर्वसामान्य लोकांत आढळणारे प्रमाण म्हणजे निर्धोक प्रमाण नव्हे.

आता झिंक आणि तांब्याकडे येऊ. दम्याच्या मुलांच्या अहवालांत सर्वाधिक गैरसमज याच जोडीबाबत होतो. शरीरात दाह सुरू झाला की यकृत एका विशिष्ट प्रथिनाच्या साहाय्याने रक्तातील झिंक स्वतःकडे ओढून घेते. झिंक शरीराबाहेर जात नाही, फक्त त्याची जागा बदलते. त्याच वेळी यकृत सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहून नेणारे प्रथिन अधिक बनवते, आणि सीरममधील बहुतांश तांबे त्यालाच बांधलेले असल्याने तांब्याचा आकडा वर जातो. सेलेनियम खाली येते, लोह खाली येते आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन मात्र वाढते. याचा अर्थ, सर्दी-तापाने दम्याचा झटका आलेल्या मुलाचे रक्त त्या आठवड्यात घेतले, तर ‘झिंक कमी, तांबे जास्त, सेलेनियम कमी’ असा अहवाल येणे अपेक्षितच आहे. तोंडावाटे दिलेल्या स्टेरॉईडनेही सीरम झिंक उतरते.

समजा, सात वर्षांच्या मुलाला झटक्यासाठी दाखल केले आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलेल्या नमुन्यात झिंक ५८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, तांबे मर्यादेच्या वर आहे, दाह मोजणारे सीआरपी हे प्रथिन ३० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड चालू आहे. दहा वर्षांखालील मुलांसाठी, उपाशीपोटी नसताना, सकाळच्या नमुन्यात ६५ आणि दुपारच्या नमुन्यात ५७ ही झिंकची किमान पातळी आंतरराष्ट्रीय स्तरावर वापरली जाते. सकाळच्या मापाने पाहिले तर ५८ हा आकडा कमतरता वाटेल, दुपारच्या मापाने तो मर्यादेतच बसतो. शिवाय सीआरपी ५ च्या पुष्कळ वर आहे आणि स्टेरॉईड चालू आहे, तेव्हा खरी पातळी यापेक्षा वरच असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी योग्य कृती म्हणजे गोळ्या सुरू न करता, मूल पूर्ण बरे होऊन तीन-चार आठवडे उलटल्यावर, सकाळी, सीआरपीसह पुन्हा तपासणे. त्या वेळी झिंक ७४ आले, तर पहिल्या आकड्याचा दम्याशी कारण म्हणून काही संबंध नव्हता हे उघड होते. सीआरपी सामान्य असताना, सकाळच्या नमुन्यात, झिंक वाहून नेणारे अल्ब्युमिन हे प्रथिनही ठीक असताना झिंक ६५ च्या खाली राहिले, तर ती कमतरता खरी मानून तिच्यावर उपचार करावेत. ते उपचार मुलाच्या वाढीसाठी आणि प्रतिकारशक्तीसाठी असतात. त्यांनी दमा जाईल असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

शिशाचा आकडा

शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित असल्याचे आढळलेले नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९९१ मध्ये १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही चिंतेची पातळी ठरवली होती, २०१२ मध्ये ती बाजूला ठेवून ५ हे संदर्भमूल्य घेतले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ते ३.५ वर आणले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक सूचना सांगते की ५ किंवा त्याहून अधिक पातळी असल्यास शिशाचा स्रोत शोधून तो दूर करावा. हे आकडे मेंदूवरील परिणाम रोखण्यासाठी आहेत. दमा असो वा नसो, या आकड्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

बोटाच्या रक्तात ३.५ ते ९ आले, तर शिरेतील रक्ताने तीन महिन्यांच्या आत खात्री करावी. १० ते १९ असल्यास एका महिन्यात, २० ते ४४ असल्यास दोन आठवड्यांत, आणि ४५ किंवा अधिक असल्यास ४८ तासांत, असे सीडीसी सुचवते. ४५ च्या पुढे शिसे बाहेर काढणारी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. त्याखाली खरा उपचार म्हणजे स्रोत बंद करणे. रंगाचे पोपडे कोरडे घासू नयेत, कारण त्यातून उडणारी धूळ शिसेही देते आणि दमाही चाळवते. फरशी आणि खिडक्यांच्या कडा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसाव्यात. कामाचे कपडे व बूट घराबाहेर ठेवावेत आणि कपडे वेगळे धुवावेत. झिलई केलेली जुनी भांडी, संशयास्पद प्रसाधने आणि घटक न छापलेली औषधे बंद करावीत. लहान मुले अन्नातून आलेल्या शिशापैकी सुमारे निम्मे शोषून घेतात, प्रौढांत हे प्रमाण बरेच कमी असते. आणि शरीरात लोहाची कमतरता असेल तर आतडे शिसे अधिक शोषते, कारण दोघांचा आत येण्याचा मार्ग एकच असतो. म्हणून शिसे वाढलेल्या प्रत्येक मुलाचे फेरिटिन पाहावे आणि लोह कमी असल्यास ते भरून काढावे.

कॅडमियम आणि पारा यांबाबत थोडक्यात. मुलाच्या रक्तातील वाढलेले कॅडमियम अनेकदा घरातील तंबाखूच्या धुराकडे बोट दाखवते, आणि दम्याला त्या धुराचा जाच कॅडमियमपेक्षा कितीतरी अधिक होतो. पारा वाढला असेल, तर आधी कोणते मासे किती वेळा खाल्ले जातात ते विचारावे. मोठ्या शिकारी माशांऐवजी लहान मासे घेतल्यास आकडा काही महिन्यांत खाली येतो, मासे पूर्ण बंद करण्याची सहसा गरज नसते.

गोळ्या सुरू करण्यापूर्वी

इंग्लंडमधील दमा असलेल्या १९७ प्रौढांना २४ आठवडे रोज १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सेलेनियमचा जीवनमानावर लाभ दिसला नाही. मुलांवरील झिंकच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. जास्तीचे नुकसान मात्र निश्चित माहीत आहे: झिंक दीर्घकाळ जास्त घेतल्यास आतड्यातून तांब्याचे शोषण थांबते, त्यातून रक्तक्षय होतो आणि पांढऱ्या पेशी घटतात. अमेरिकेतील पोषण मार्गदर्शनानुसार वैद्यकीय देखरेखीशिवाय रोजची कमाल मर्यादा १ ते ३ वर्षांसाठी ७ मिलिग्रॅम, ४ ते ८ वर्षांसाठी १२ आणि ९ ते १३ वर्षांसाठी २३ मिलिग्रॅम झिंक इतकी आहे. सेलेनियमची मर्यादा याच वयोगटांसाठी अनुक्रमे ९०, १५० आणि २८० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडत राहिल्यास केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. मुलाला दिली जाणारी प्रत्येक बाटली समोर ठेवून त्यांतील झिंकची बेरीज करावी, कारण मल्टिव्हिटॅमिन, टॉनिक आणि वेगळे झिंक सरबत यांची मिळून मर्यादा नकळत ओलांडली जाते.

दम्यासाठी म्हणून धातू बाहेर काढणारी ‘निष्कासन’ औषधे कोणी सुचवत असेल, तर ठाम नकार द्यावा. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा औषधोपचारानंतर रक्तातील कॅल्शियम घसरून दोन मुलांचा मृत्यू झाल्याची नोंद सीडीसीने केली आहे. आणि धातूंचा अहवाल काहीही आला, तरी रोजचा प्रतिबंधक पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. मूल वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या पंपाने आराम पडत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

फेरतपासणी

शिसे रक्तातून निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो, पण हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे हळूहळू रक्तात परत येत राहते. म्हणून स्रोत दूर केल्यावर आकडा पहिल्या काही महिन्यांत उतरतो आणि मग रेंगाळतो, त्याने धीर सोडू नये. मात्र उतरलेला आकडा पुन्हा वाढला, तर नवा स्रोत शोधावा लागतो. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच प्रकारच्या नमुन्यावर तपासणी करावी आणि प्रत्येक अहवालावर तारीख, वेळ, त्या आठवड्यातील आजार, चालू औषधे आणि सीआरपी एवढे हाताने लिहून ठेवावे. मुलाचे शिसे वाढलेले आढळले असेल, तर घरातील इतर लहान भावंडांची आणि गर्भवती स्त्रीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.